झाडीवरचं पाणी

घड्याळवाले आमच्याकडे सलग नऊ वर्षं आले. दर वर्षी त्याच आठवड्यात, तीन नंबरच्याच खोलीत, पाच दिवस. दहाव्या वर्षी आले ते परत गेले नाहीत.

मी आणि आमचे हे, आम्ही दोघं त्या धरणावरच्या विश्रामगृहात चौदा वर्षं होतो. ह्यांच्याकडे होड्या, माझ्याकडे स्वयंपाकघर. चार खोल्या, एक धक्का, सहा होड्या. त्यातल्या तीन बऱ्या, दोन कुरकुरणाऱ्या आणि एक कायमची पालथी. तिच्यावर मी चादरी वाळत घालायचे. शेवटचा बसथांबा नऊ किलोमीटरवर, आणि पुढचा रस्ता असा की पाहुणे उतरले की आधी कंबर धरून उभे राहायचे. मग पाण्याकडे नजर गेली की कंबर विसरायचे. पाणी होतंच तसं. सकाळी धुकं असलं की पलीकडचा काठ दिसायचाच नाही.

येणारे लोक दोन तऱ्हेचे. सुट्टीच्या दिवशी गाड्या भरभरून येणारे, त्यांना पाणी, जेवण आणि गाणी सगळं एकाच वेळी हवं असायचं. आणि दुसरे गळ टाकणारे. हे एकेकटे यायचे, मोजकं बोलायचे आणि मासा नाही मिळाला तरी खुशीत असायचे. घड्याळवाले ह्या दुसऱ्यांतले. शहरात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. स्वतःच सांगायचे, "वहिनी, मी उभा राहिलो की डोकं पाचव्या पायरीला लागतं. वर्षातून एकदा ताठ उभं राहायला येतो इथे." आल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ भिंतीवरून काढायचे, उघडायचे, फुंकर मारून, तेलाचा थेंब सोडून परत लावायचे. मी चहा दिला की म्हणायचे, "मजुरी मिळाली."

बायकोला कधी आणलं नाही. "तिला पाण्याची भीती," म्हणायचे. "बादली जास्त भरली तरी दोन पावलं मागे सरकते."

पाण्याखाली काय होतं तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धरण बांधलं तेव्हा खोऱ्यातलं जंगल तोडायचं राहून गेलं. पाणी चढलं आणि झाडं उभीच्या उभी बुडाली. धक्क्यापासून पाऊण तास वल्हवत गेलं की ती जागा. वरून बघाल तर नुसतं सपाट पाणी, पण आम्ही तिला झाडीच म्हणायचो. मोठे मासे तिथे. गळही तिथेच अडकायचे. नवख्या माणसाला हे तिकडे फिरकू द्यायचे नाहीत. घड्याळवाल्यांना झाडी ह्यांनीच दाखवली, चौथ्या वर्षी, आपला माणूस म्हणून.

आणि जॅकेटं. धक्क्याजवळच्या खोलीत सहा खुंट्यांना सहा नारिंगी जॅकेटं टांगलेली असायची. होडीत बसणाऱ्याने जॅकेट घातलंच पाहिजे, अशी बाहेर पाटी होती. घड्याळवाले घालायचे नाहीत. "खांद्यात अडतं हो, गळाची काठी फिरवता येत नाही." पहिल्या वर्षी ह्यांनी आग्रह केला, दुसऱ्या वर्षी नुसतं विचारलं, पुढे विचारणंही सुटलं.

त्या वर्षी मासा कमी होता. घड्याळवाले दोन दिवस रिकाम्या हाताने परतले. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी डब्यात दोन उकडलेली अंडी आणि पाव दिला. धक्क्यावरून ओरडून म्हणाले, "वहिनी, आज तेल तापवून ठेवा!"

"परवापासून तापवतेय," मी म्हटलं.

हसत गेले. एवढंच.

दुपारी चारनंतर तिथे वारा सुटतो, म्हणून सगळे साडेतीनच्या आत परततात. साडेचार झाले तसे हे दुसरी होडी काढून गेले. अंधार पडायच्या आत आले, मागे रिकामी होडी बांधलेली. होडी उलटली नव्हती, आत पाणी नव्हतं. बूट शेजारी शेजारी काढून ठेवलेले, त्यात मोजे. डब्यातलं एक अंडं खाल्लेलं, एक शिल्लक. काठी नव्हती. मोठा मासा लागला म्हणून उभे राहिले, की गळ अडकला म्हणून वाकले, की छातीतच कळ आली, ते कुणाला कधी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. जबाब घेणाऱ्याने मान खाली घालून लिहिता लिहिता विचारलं, "अंगात जॅकेट होतं का?"

"होतं," हे म्हणाले.

मी पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ह्यांना खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात. पण पोलीस लिहीत होता, त्याला कान कुठून दिसणार? मी पेले ठेवले आणि आत गेले. त्या वेळी मी तोंड उघडलं असतं तर पुढचे कितीतरी दिवस वेगळे गेले असते. नाही उघडलं. ह्यांची नोकरी गेली असती, कदाचित हे तुरुंगात गेले असते. मी नवऱ्याची बाजू घेतली. आत जाऊन कणीक मळत बसले, इतकी मळली की टाकून द्यावी लागली.

रविवारी दोन पाणबुडे आले. दोघं मिळून चार वेळा खाली गेले. वर आल्यावर त्यातला वयाने मोठा होता तो ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, खाली हाताला हात दिसत नाही. फांद्या अशा आहेत की आमचाच माणूस अडकून बसेल. ह्यात गेलेलं वर येत नाही." आणि जेवण न करताच गेले.

त्याच संध्याकाळी घड्याळवाल्यांची बायको आली. मी मनात मोठ्या, जाडजूड बाईची कल्पना केली होती, का कोण जाणे. ही तर लहानखुरी, चष्मा लावलेली, हातात एवढीशी पिशवी. एका रात्रीचे कपडे आणले होते. छापखान्यात प्रुफं तपासायचं काम करायची, हे तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. पहिल्या दिवशी एकच विचारलं. धक्क्यापासून वीस पावलं लांब उभी राहिली, पाण्याच्या जवळ आली नाही, आणि ह्यांना म्हणाली, "भाऊ, पोलीस म्हणाले अंगात जॅकेट होतं. खरं ना?"

"हो," हे म्हणाले. दुसऱ्यांदा.

"मग बुडतील कसे?" ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला. "जॅकेट असलं की माणूस तरंगतो ना? वाहत जाऊन कुठेतरी काठाला लागले असतील. पाय मोडला असेल. ओरडत असतील. तुम्ही काठ शोधलेत का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच बघितलं. आता नजर खाली घालायची पाळी माझी होती.

"उद्यापासून शोधू, ताई," हे म्हणाले.

आणि शोधायला लागले. सोमवारी सकाळी सहा वाजता ती धक्क्यावर आली. फळ्यांच्या फटींतून खालचं पाणी दिसायचं, म्हणून ती डोळे मिटून, माझा दंड धरून चालली. ह्यांनी तिला जॅकेट घातलं, पट्टे आवळले. होडी हलली तशी तिने दोन्ही बाजू गच्च पकडल्या, बोटं पांढरी पडेपर्यंत. मी म्हटलं, "ताई, तुम्ही थांबा माझ्याजवळ, हे बघून येतील." ती म्हणाली, "माझा आवाज ओळखतील ते."

मी धक्क्यावर उभी होते. होडी लांब गेली, ठिपक्याएवढी झाली, आणि मग पाण्यावरून तिची हाक आली.

"अहो!"

थांबून पुन्हा.

"अहोऽ!"

पाण्यावरून आवाज फार लांबवर जातो. मी स्वयंपाकघरात येऊन दार लावलं तरी तो येतच राहिला.

धरणाचा काठ काही सरळ नाही. पाणी जिथे जिथे दोन टेकड्यांमध्ये शिरलंय तिथे तिथे आत वळतो, बाहेर येतो, पुन्हा वळतो. तिने प्रुफांच्या कोऱ्या पाठीवर सगळ्या काठाचा नकाशा काढला होता, ह्यांना विचारून विचारून. प्रत्येक वळणाला नंबर दिला. एक वळण बघून झालं की त्यावर पेन्सिलीने बारीक खूण. सकाळी सहा ते दहा आणि पुन्हा दुपारी दोन ते वारा सुटेपर्यंत. उतरता येईल तिथे दोघं उतरायची, झुडपांत शिरायची, दगडांमागे बघायची. एकदा तिला चिखलात एक चप्पल सापडली. घेऊन आली, धुतली, उन्हात ठेवली. "त्यांची नाही," म्हणाली, "पण कुणाची तरी असेल." त्यांचे बूट तर होडीतच मिळाले होते, ते तिलाही माहीत होतं.

चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत तिची पाण्याची भीती गेली. होडीत सरळ बसायला लागली, हात बाजूला न धरता. एके दिवशी दुपारी येऊन मला म्हणाली, "वहिनी, ऐकलंत का, आज मी थोडा वेळ वल्हं मारलं. ते भेटले की विश्वास ठेवणार नाहीत."

मी तिच्या ताटात भात वाढत होते. वाढतच राहिले. "पुरे, पुरे," तिने हात धरला तेव्हा थांबले.

ह्यांना मी दुपारी विचारलं, "किती दिवस हे चालायचं?"

"तू सांग तिला," हे म्हणाले.

"मी काय म्हणून? खोटं तुम्ही बोललात."

"म्हणून तर माझ्याच्याने होत नाही." तळहातांना फोड आले होते. चौदा वर्षं वल्हवणाऱ्या माणसाच्या हाताला फोड! एरवी मीही हसले असते. "ती हाक मारते ना," हे म्हणाले, "त्यानंतर ती थांबते. ऐकत बसते. तेवढा वेळ मला वल्हं थांबवावं लागतं."

पुढच्या रविवारी सुट्टीवाले आले. दोन गाड्या, आठ माणसं, आरक्षण महिनाभर आधी केलेलं. ह्यांनी त्यांना होड्या मिळणार नाहीत म्हणून सांगितलं. त्यांच्यातल्या एकाने लगेच आमच्या वरच्या साहेबांना फोन लावला, आणि साहेबांनी ह्यांना. फोनवरचा आवाज मला चुलीपाशी ऐकू येत होता. "आरक्षण म्हणजे आरक्षण. शोधकार्य अधिकृतरीत्या बंद झालंय. नौकाविहार केंद्र चालू आहे की बंद आहे, ते मला सांगा, म्हणजे मी वर तसं कळवतो."

ती व्हरांड्यात बसली होती. उठून ह्यांच्याजवळ आली. "द्या हो त्यांना होड्या, भाऊ. ती माणसं मजा करायला आलीत, त्यांचा काय दोष? आपण दुपारी जाऊ. फक्त जॅकेटं घालायला लावा."

हे खोलीत गेले. खुंटीवरून एकेक जॅकेट काढून बाहेर द्यायला लागले. आठांतली दोघं काठावरच थांबणार होती, सहा जण होडीत. ती दाराशी उभी राहून बायकांना पट्टे बांधायला मदत करत होती. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "तुम्हीपण सुट्टीला आलात का?"

"हो," ती म्हणाली.

सहावं जॅकेट सहाव्या माणसाला मिळालं. ती क्षणभर दारातच थांबली, आत डोकावली. भिंतीवर सहा रिकाम्या खुंट्या. मग वळून माझ्याकडे स्वयंपाकघरात आली. तिकडे धक्क्यावर गाणी सुरू झाली होती. मी वाटाणे सोलत होते. ती समोर बसली आणि तीही सोलायला लागली. पाच-सात शेंगा झाल्या असतील.

"वहिनी, इथे एकूण जॅकेटं किती?"

मी पुढची शेंग उचलली.

"अलीकडे नवीन आणलंय का एखादं?"

"नाही," मी म्हटलं.

"मी बावीस वर्षं हेच करते," ती म्हणाली. "लोक म्हणतात काय असतं त्यात, नुसतं वाचायचं. पण चूक दिसायला हवी ना. एकदा दिसली की मग तीच दिसते, बाकीचं पान दिसतच नाही." हातातली शेंग तिने सोलून संपवली, दाणे भांड्यात टाकले, साल बाजूला ठेवलं. "तुम्हालाही माहीत होतं."

मी हो म्हटलं. माझ्या तोंडून आवाज निघाला की नाही कोण जाणे, पण तिला कळलं. ती रागावली असती, माझ्या अंगावर धावून आली असती, तर मी तिचे पाय धरले असते. ती उठली, हात धुतले आणि तीन नंबरच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दुपारी आली नाही. हे धक्क्यावर होडी तयार ठेवून वारा सुटेपर्यंत बसून राहिले. सुट्टीवाले जेवून, आवरून गेले. जाताना म्हणाले, जागा छान आहे, मासा मात्र एकही नाही.

सोमवारी सकाळी सहाला ती नेहमीसारखी आली. नकाशा आणला नव्हता. होडीत बसल्यावर म्हणाली, "आज काठ नको. झाडीत चला."

पुढचं मी पाहिलेलं नाही. हे खूप दिवसांनी, तुकड्या-तुकड्याने बोलले तेवढंच मला ठाऊक. झाडीवर पोचल्यावर ह्यांनी वल्ही आत घेतली. पाणी स्थिर होतं. ह्यांनी सगळं सांगितलं: जॅकेट घातलं नव्हतं, ह्यांनी विचारलंही नव्हतं, झाडीही ह्यांनीच दाखवली होती, आणि पाणबुडा काय म्हणाला ते. ती ऐकत होती. सांगून झाल्यावर ती पाण्याकडेच बघत म्हणाली, "आठ दिवस मला हाका मारायला लावल्यात."

ह्यांनी हात जोडले. ती म्हणाली, "हात खाली घ्या. होडी वाहत चाललीय, ती सांभाळा."

त्यानंतरही ती लगेच गेली नाही. चार दिवस रोज सकाळी झाडीत नेऊन बसवायला सांगायची. दोन तास. बोलायची नाही, हाक मारायची नाही. हे तिच्याकडे पाठ करून बसायचे, तिला एकटीला बसल्यासारखं वाटावं म्हणून. एकदा म्हणे तिने बाही वर करून हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. हे एवढं सांगून थांबले, पुढे काय झालं ते सांगितलंच नाही. मीही खोदून विचारलं नाही.

माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. मीठ कमी आहे, पाणी गरम आहे का, असं. "वहिनी" म्हणायचं तिने सोडलं होतं.

शुक्रवारी ती ह्यांना घेऊन पोलीस चौकीत गेली. हे स्वतःहून म्हणाले होते, जबाब बदलतो, जे व्हायचं ते होऊ दे. मी दिवसभर दारात बसून होते. सोबत न्यायला म्हणून ह्यांचे दोन सदरे, टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं पिशवीत भरून ठेवलं होतं. संध्याकाळी दोघंही परत आली. चौकीतल्या मोठ्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कागद वर गेले. पंचनामा झाला, सही झाली. आता तुम्ही म्हणता नव्हतं, उद्या दुसरं काही म्हणाल. ह्यांना अडकवून तुमचा माणूस परत येणार आहे का, बाई? जा घरी." तिने कागदावर बोट ठेवून सांगितलं की हे वाक्य चुकीचं आहे, एवढं तरी दुरुस्त करा. ते म्हणाले, दुरुस्ती होत नसते.

ते वाक्य तसंच राहिलं, आणि त्याचा फटका तिलाच बसला. अंगात जॅकेट होतं, प्रेत मिळालं नाही, म्हणजे माणूस मेला असं लिहून द्यायला कुणी तयार होईना. ती शहरात गेल्यावर ह्या खिडकीतून त्या खिडकीत फिरली. सगळीकडे तोच कागद निघायचा आणि सगळे तिला समजूत घातल्यासारखं सांगायचे, "आशा सोडू नका. जॅकेट होतं ना अंगात?" दुकानाची जागा घड्याळवाल्यांच्या नावावर, तिला कुलूपही उघडायचा अधिकार नाही. आत लोकांची दुरुस्तीला दिलेली घड्याळं पडलेली. गिऱ्हाइकं घरी येऊन तिला बोलायची. हे सगळं तिने फोनवर ह्यांना सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, झालं ते सांगावं तसं.

फोन ती रविवारी सकाळी करायची. पहिला फोन आला तेव्हा मला वाटलं, आता शिव्या देईल. तिने विचारलं, "आज काही?" हे म्हणाले, "आज नाही, ताई." मग पाणी किती आहे ते विचारलं, ह्यांनी धरणाच्या भिंतीवरच्या पट्टीचा आकडा सांगितला. तिने फोन ठेवला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

त्या वर्षी पाऊस हुकला. उन्हाळ्यात पाणी इतकं उतरलं की मी चौदा वर्षांत बघितलं नव्हतं. झाडीतल्या झाडांचे शेंडे वर आले. काळे, पान नाही, साल नाही, आणि जिकडे तिकडे त्यांना तुटलेले गळ आणि दोरे लोंबकळत, उन्हात चमकत. हे रोज पहाटे उजाडलं की जायचे. एकेका झाडाला होडी बांधायचे, काठीने चाचपायचे, दोन बुंध्यांच्या मध्ये वाकून वाकून बघायचे. मिळेल ते घेऊन यायचे: गळ, पत्र्याचा डबा, कुणाचा तरी चष्मा, दोरा गुंडाळायची सात रिळं. घड्याळवाल्यांचं काहीही नाही. एक दिवस मीही सोबत गेले. खाली पाण्यात अजून फांद्या, त्याखाली आणखी फांद्या, कुठे तळ दिसेना. मला भोवळ आली. हे म्हणाले, "आता कळलं? पाणी सगळं संपलं तरी ह्यात सापडायचं नाही." आणि पुढच्या झाडाकडे वळले.

पाण्याला वास यायला लागला तशी गाड्या भरून येणारी माणसं बंद झाली, मग गळवालेही. वरून पत्र आलं. केंद्र बंद, होड्या जमा करा, किल्ल्या द्या. ह्यांना शहराच्या बाहेर एका सिमेंटच्या गोदामात चौकीदाराची जागा मिळाली. फाटकाला लागून पत्र्याची एक खोली, खिडकीसमोर ट्रकांची रांग. सिमेंटची पूड इतकी की सकाळी झाडलं की दुपारी भांड्यांवर बोटाने नाव लिहिता येतं. जवळपास तळं नाही, ओढा नाही. पाणी टँकरने येतं. बरं झालं, मला वाटलं. आता तरी ह्यांचं मन दुसरीकडे लागेल.

पहिल्या रविवारी फोन वाजला. हे फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन बोलायला लागले. मी बादली घ्यायला गेले तर कानावर आलं.

"आज नाही, ताई."

थोडं थांबून, "दोन बोटं चढलंय. हो. काल वरच्या अंगाला पाऊस झाला थोडा."

मी बादली तिथेच ठेवली. फोन संपेपर्यंत उभी राहिले. हे परत आले, मला बघितलं आणि फाटकाची साखळी उगाच काढून लावायला लागले.

"तिला सांगितलं नाहीत, आपण तिथून निघालो ते?"

"नाही."

असं दीड वर्ष चाललंय. दर रविवारी. पाऊस पडला की पाणी चढतं, ऊन वाढलं की उतरतं. हे वर्तमानपत्रात हवामान बघून आकडा ठरवतात. मधे एकदा फोन चालू असताना मागे ट्रक उलटा यायला लागला, तो पिंपिं आवाज करत. एवढा मोठा की मी कान झाकले. तिला ऐकू गेला असणारच. धरणावर कुठला आलाय ट्रक? ट्रक थांबल्यावर तिने विचारलं, "आणि झाडी? शेंडे दिसतात का अजून?"

"आता झाकले गेले," हे म्हणाले.

परवा मी मनाशी ठरवून बोलले. म्हटलं, "पुरे झालं हो आता. सांगून टाका तिला. तिथे कुणी नाही, कुणी बघत नाही, काही सापडणार नाही. एकदा खोटं बोलून काय झालं ते बघितलंत ना?"

हे जेवत होते. हातातला घास ताटात परत ठेवला. "मग रविवारी सकाळी ती काय करील?" हे म्हणाले.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

बाहेर ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. हे हात धुऊन फाटक उघडायला गेले.